मोगरीवाल्याचा पाय

डॉक्टर मॅडमनी माझ्या नवऱ्याच्या पायाच्या अंगठ्यात सुई टोचली. सुई चांगली आत गेली, तरी त्याच्या तोंडावरची रेष हलली नाही. उलट माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "पाह्य, काहीच दुखत नही."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एक छोटं यंत्र पायावर फिरवलं. रक्त वाहत असेल तर त्यातून सूं-सूं आवाज येतो. आमच्या वेळी नुसती खरखर आली. मॅडम मला पडद्याच्या बाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "ताई, हा पाय गेलाय. आता पायासाठी नाही, माणसासाठी लढायचंय."

मी एसटीत कंडक्टर आहे. जळगाव-धुळे माझा नेहमीचा मार्ग. दिवसभर 'पुढे सरका' ओरडून माझा आवाज असा झालाय की शेजारणी मला लाउडस्पीकर म्हणतात. त्या पडद्यापाशी मात्र मी कुजबुजतच 'हो' म्हटलं.

नवऱ्याचं नाव प्रल्हाद. घरात मी 'अहो' म्हणते, राग आला की नावाने बोलते. या सगळ्या प्रकरणाचा मला अजून राग आहे, म्हणून इथे नावानेच लिहिते.

आजाराचं नाव कंपार्टमेंट सिंड्रोम. मॅडमनी मला समजावलं ते असं. पोटरीचे स्नायू घट्ट पिशव्यांमध्ये बसवलेले असतात. जबरदस्त दाब बसला की ते सुजतात, पण पिशवी काही ताणली जात नाही. सणासुदीला गच्च भरलेल्या गाडीचं दार लावून आत आणखी माणसं कोंबावीत, तसं होतं. आतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्त थांबतं. हाड मोडलेलं नसतं, कातडीही फारशी फाटत नाही. वरून पाय धडधाकट दिसतो आणि आत मांस मरत असतं.

सुरुवातीला वेदना इतकी असते की माणूस ओरडतो. मग नसा मरतात आणि वेदना थांबते. हे लक्षात ठेवा. आमच्या घरात दुखणं थांबलं तेव्हा सुंठीवाचून खोकला गेला म्हणून आम्ही देवापुढे नारळ फोडला होता.

आता आधीचं सांगते. आमचं गाव पारोळ्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास खंडेरावाची जत्रा भरते आणि बारा गाड्या ओढल्या जातात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात, त्यांत माणसं खच्चून बसवतात. बैल नसतात. हळद लावलेला भगत पुढे होऊन गाड्या ओढतो आणि त्याचे दोन्ही हात धरून बगले धावतात. आमच्या गावचा भगत म्हणजे माझे जेठ, प्रल्हादचे थोरले भाऊ, आबा. महिनाभर एकवेळ जेवण, जमिनीवर झोपणं, कोणाच्या घरचं पाणी नाही, असं कडक पाळतात.

गाड्या सुटल्या की थांबवायला ब्रेक नसतो. ते काम मोगरीवाल्यांचं. मोगरी म्हणजे बाभळीचा जाड ठोकळा, त्याला लांब दांडा. पळत्या चाकाच्या पुढे तो टाकायचा आणि मागे सरायचं. प्रल्हाद लग्नाआधीपासून मोगरी टाकतो. एरवी त्याचं मोटारी वायंडिंग करायचं दुकान आहे. मोगरीवाल्यांचा नियम तो नव्या माणसाला दरवर्षी ओरडून सांगायचा, "मोगरी टाकानी नि मांगे सरानं. मोगरी गयी तरी चालई, पाय आत जावाले नको." कोणी पोरकट उड्या मारायला लागला की त्याच्या हातातली मोगरी काढून घ्यायचा. माझा नवरा आततायी नव्हता, हे मला आधी सांगायचंय.

गेल्या वर्षीच्या जत्रेत गाड्या उतारावर आल्या आणि आबांचा उजवा बगल्या घसरून पडला. तो पहिल्या गाडीच्या चाकासमोर पालथा होता. बाकीच्यांनी डोळे मिटले. प्रल्हादने मिटले नाहीत. जवळून, जितक्या जवळून टाकू नये तितक्या जवळून त्याने मोगरी टाकली. ठोकळा चिरला. चाक उसळलं, बाजूला घसरलं आणि प्रल्हादच्या पोटरीवर येऊन थांबलं. मागच्या अकरा गाड्यांनी धडाधड धडक दिली, तसं ते चाक त्याच्या पोटरीवर दळल्यासारखं फिरलं. बगल्याचं डोकं तिथून हातभर लांब होतं.

माणसांनी गाडी उचलली. प्रल्हाद उठला, गळ्यातला रुमाल पोटरीला करकचून बांधला आणि चालायला लागला. लोकांनी भंडारा उधळला, येळकोट येळकोट केला. मोबाइलवर सगळं आलं होतं. संध्याकाळपर्यंत जो तो तो व्हिडिओ बघत होता आणि प्रल्हाद चाकाखालून चालत आलेला, काही न लागलेला वाघ झाला होता.

घरी आल्यावर मी रुमाल सोडवला तेव्हा पोटरी दगडासारखी लागत होती. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. त्याने माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले. "कोनले सांगू नको. आबानं नाव जाई."

हे समजायला आमचंच गाव पाहिजे. बारा गाड्यांत कोणाला इजा झाली की पहिलं बोट भगताकडे जातं. त्याच्या पाळणुकीत खोट होती, म्हणून देवाने रक्त घेतलं, असं म्हणतात. आबांच्या आधीच्या भगताच्या वेळी एकाचा हात गेला होता, तर त्याच्या पोरीचं जमलेलं लग्न मोडलं. म्हणून आमच्याकडे ज्याला लागतं तो गप्प बसतो. भंडारा लावतो, पट्टी बांधतो आणि जत्रेत फिरून दाखवतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

प्रल्हादही फिरला. दात आवळून, घाम पुसत, कुस्त्यांच्या फडापर्यंत जाऊन आला. रात्रभर उशी चावत होता. सकाळी म्हणाला, "उतरनं आते. तू ड्युटीवर जाय." मी गेले. दुपारी परत आले तर प्रल्हाद खाटेवर बसून हसतोय. दुखणं थांबलं होतं. मी नारळ फोडला. मग तो मोरीत गेला आणि मला हाक मारली. लघवी काळ्या चहासारखी झाली होती.

रशीदभाई आमच्या गावचे सुतार, मोगऱ्या तेच घडवतात. त्यांनी काही न विचारता पिकअप काढली. पारोळ्याच्या डॉक्टरांनी पायाला हात लावला आणि खुर्चीवरून उठलेच. "इथे बसू नका. सरळ धुळे." ज्या रस्त्यावर मी रोज तिकिटं फाडते त्याच रस्त्याने, मागच्या फळीवर प्रल्हादचं डोकं मांडीवर घेऊन गेले. प्रत्येक गतिरोधकाला मी त्या पायाकडे बघायची. तो बोचक्यासारखा हलायचा आणि त्याला कळायचंही नाही.

मॅडमनी सुई टोचली ती या धुळ्याच्या दवाखान्यात. थोडं तरी मांस वाचतंय का बघायला लगेच फॅशियोटॉमी केली. म्हणजे पोटरीच्या दोन्ही बाजूंनी लांब चिरा देऊन त्या पिशव्या उघडायच्या, म्हणजे दाब सुटतो. वेळेत केली तर पाय वाचतो. आमच्या वेळी चिरा दिल्या आणि आतून करडं मांस बाहेर आलं. चिमट्याने धरलं तरी ते आखडलं नाही, कापलं तरी रक्त आलं नाही. ड्रेसिंगच्या वेळी मी आग्रहाने आत उभी राहिले. तो वास सांगत नाही. नंतर महिनाभर मी मटणाच्या दुकानासमोरून तोंडाला पदर लावून जायची.

मेलेल्या मांसातलं विष रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं तुंबतात. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. क्रिएटिनिन नावाची तपासणी किडनीचं काम सांगते, तो आकडा रोज चढत होता. पोटॅशियम वाढलं होतं, त्यामुळे हृदय केव्हाही थांबू शकत होतं. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालून डायलिसिस सुरू केलं. मॅडम रोज एकच सांगत होत्या, "विहिरीत मेलेलं जनावर तसंच ठेवून पाणी उपसण्यात अर्थ नाही. पाय काढावा लागेल. गुडघ्याच्या वरून."

प्रल्हाद शुद्धीवर होता. त्याच्या होकाराशिवाय मॅडम हात लावणार नव्हत्या. आणि तो नाही म्हणत होता.

"मोगरीवालाना पाय कोन्ही कापत नही," तो म्हणाला. "मरसू ते बठ्ठा मरसू. अर्धा नही जावाऊ."

मी विनवलं, शिव्या दिल्या, मुलीची शपथ घातली. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही शूर आहात, मान्य आहे." तर हा म्हणतो, "मंग शूर माणूसले घाबाडू नका."

त्यात गावकरी. वॉर्डाबाहेर रोज जत्राच. आत सोडतील तितके आत यायचे, व्हिडिओ दाखवायचे आणि म्हणायचे, आमचा वाघ, वाघाचा पाय कोण कापतो. एकाने तर प्रल्हादच्या उशाशी हार आणून ठेवला. ताप फणफणलेला माणूस ते ऐकून कोपरावर उठून बसायचा आणि हसायचा. ओठ फाटून रक्त यायचं. एका दुपारी मी तो हार उचलला आणि आणणाऱ्याच्या तोंडावर फेकला. नारळाची पिशवी हातात होती, तीही फेकली. नारळ त्याच्या कपाळाला लागला. "वाघ पाहिजे तर जंगलात जा," मी ओरडले, "इथे माझा नवरा मरतोय." वॉर्डातले सगळे पेशंट बघत राहिले. माझा बसमधला आवाज पहिल्यांदा मला आवडला.

त्याच दिवशी प्रल्हादचं डोकं फिरलं. विष मेंदूत चढलं की माणूस भ्रमिष्ट होतो, त्याला डिलिरियम म्हणतात. त्याला वॉर्डबॉय म्हणजे सुटलेल्या गाड्या वाटायला लागल्या. "सरा, सरा" ओरडत त्याने मानेतली नळी खेचली. रक्त भिंतीपर्यंत उडालं. एकाच्या छातीत चांगल्या पायाने लाथ घातली, तो ट्रॉलीवर जाऊन आदळला. मी त्याला धरायला गेले तर त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि पुढचा दात तुटला. तोंडात रक्त आणि दाताचा तुकडा, तशीच मी गुडघा त्याच्या छातीवर रोवून बसले आणि मानेवर कापूस दाबून धरला. लग्नात ज्याच्या पायावर मी डोकं ठेवलं होतं त्याला मी हातापायाने दाबत होते. शेवटी चौघांनी त्याचे हात खाटेला बांधले.

मॅडमनी मला चूळ भरायला लावली आणि म्हणाल्या, "औषधाने थोडा वेळ तो शुद्धीवर येईल. त्याने कोणाचं तरी ऐकलं पाहिजे. असं कोणी आहे का?"

होतं. पण आमच्या घरात सून जेठांशी बोलत नाही. डोक्यावर पदर घेऊन दाराआडून, तेही सासूमार्फत. इतक्या वर्षांत मी आबांना फोन केला नव्हता. शिवाय गाड्या ओढल्यावर भगताने पाच दिवस गावची शीव ओलांडायची नसते. मी फोन लावला. तोंड सुजलेलं, शब्द नीट निघेनात.

"आबा, सुनंदा बोलतेय. तुमचं नाव वाचवायला तो मरतोय. तुम्ही यायचं नसेल तर तसं सांगा, म्हणजे मी वाट बघणार नाही."

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मी तिथेच बाकावर बसून शीव, भगत, खंडेराव, सगळ्यांना शिव्या दिल्या.

दिवस मावळायच्या आत आबा आले. रशीदभाईंनीच आणलं. अंगावरची हळद तशीच, पायात चप्पल नाही. वॉर्डाबाहेर गावची माणसं होती. भगताने शीव मोडलेली बघून ती उभीच राहिली. आबा त्यांच्यापाशी थांबले. मला वाटलं, आता काहीतरी सारवासारव करतील.

"बठ्ठा आयका," आबा म्हणाले. "मन्हा गाडास्नी मन्हा भाऊना पाय दाबा. मी डोयानी दखं. मी बोलनू नही, कारन मले भ्याव वाटनं. देवनं नही, तुमनं."

 आबा आत गेले आणि प्रल्हादच्या बांधलेल्या हातावर हात ठेवला. प्रल्हादचे डोळे आता ठिकाणावर होते. त्याने आधी हळद पाहिली, मग घाबरून म्हणाला, "आबा, शीव..."

"गयी शीव. पाय दुखस का?"

"नही."

"प्रल्हाद. दुखस का?"

माझ्या नवऱ्याचा चेहरा वेडावाकडा झाला. मी त्याला बापाच्या तिरडीपाशी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तो खाट हलेपर्यंत रडला. "पयले दिन भलतं दुखनं, आबा. मी लपाडं. मी मरी राह्यनू. मले वाचाड."

आबा डॉक्टर मॅडमकडे वळले आणि हात जोडले. त्याच संध्याकाळी पाय काढला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण बरं होणं हे कंटाळवाणं असतं आणि तसंच असावं. ताप उतरला. डायलिसिस चालू राहिलं. एके दिवशी पिशवीत स्वच्छ पिवळी लघवी दिसली तेव्हा नर्सताईंनी मला हाक मारून बोलावलं आणि आम्ही दोघी त्या पिशवीकडे बघून हसत सुटलो. नसलेल्या पायाची बोटं प्रल्हादला दुखायची, याला फँटम पेन म्हणतात. गोळ्यांनी आणि आरशासमोरच्या व्यायामाने ते कमी झालं. मेलेला पाय दुखत नव्हता आणि कापलेला दुखतो, हे बघून तो चिडायचा. चिडून कुबडी फेकायचा, मी ती तशीच पडू द्यायची, तो सरपटत जाऊन आणायचा. आता कृत्रिम पाय लावून दुकानात बसतो. वायंडिंगला हात लागतात.

लोक मला विचारतात, त्याने मोगरी टाकली ती बहादुरी की आगाऊपणा? मी सांगते, ती बहादुरी. एक माणूस वाचायचा होता आणि ते काम त्यालाच येत होतं. तो बगल्या आज जिवंत आहे, आमच्या दारात येऊन लाकडं फोडून देतो. आगाऊपणा नंतर झाला. रुमाल बांधून जत्रेत फिरला तो. त्यात कोणी वाचणार नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, आम्ही पाय लपवून केलं.

तुमच्या घरी कोणाला जबर दाबाचा मार बसला, तो भाग टणक झाला, बोटं हलवताना जीव जायला लागला, मुंग्या आल्या, तर सूज उतरायची वाट बघू नका. घट्ट बांधू नका. तो 'काही नाही' म्हणाला तर त्याच्याशी भांडा. दात पडला तरी चालेल, माझाही पडलाय.

त्या मॅडमचे, नर्सताईंचे आणि लाथ खाऊनही दुसऱ्या दिवशी प्रल्हादची चादर बदलणाऱ्या वॉर्डबॉयचे उपकार मी विसरणार नाही. आबांशी मी आता समोरासमोर बोलते. पदर घेते, पण बोलते.

यंदा पुन्हा जत्रा आली. आबांनी भगतपण सोडायची तयारी दाखवली होती. गावात बाचाबाची झाली, दोघांची डोकी फुटली, शेवटी आबाच राहिले. मी रजा टाकून गेले. कृत्रिम पाय घरी ठेवून प्रल्हाद पारावर कुबडी घेऊन बसला होता आणि मोगरीवाल्यांना तिथून शिव्या देत होता. गाड्या उतारावरून आल्या, मोगऱ्या पडल्या, धूळ उडाली, गाड्या थांबल्या. येळकोट सुरू होणार तेवढ्यात आबांनी हात वर केला.

"थांबा. पयले सांगा, कोनले लागनं का?"

असं आमच्या गावात कोणी कधी विचारलं नव्हतं.  मोगरीवाले एकमेकांकडे बघत होते. एकाने हात पाठीमागे लपवलेला मला पारावरून दिसला. आबा तसेच हात वर करून उभे होते, आणि मला कळत होतं की आता कोणीच बोललं नाही तर पुढच्या साली ते विचारणार नाहीत.

माझ्या शेजारी कुबडी आपटल्याचा आवाज आला. प्रल्हाद एका पायावर जोर देत उभा राहिला.

"मले," तो ओरडला. "गयसाल लागनं. आज सांगस."

 मग त्या मोगरीवाल्याने पाठीमागचा हात पुढे काढला. त्याची दोन बोटं चेमटली होती. मी पारावरून उतरले, त्याला दंडाला धरलं आणि गर्दीला म्हटलं, "पुढे सरका." रशीदभाईंनी पिकअप काढून ठेवली होती.